फिशटँकमधलं घरगुती चांदणं : तीन निळे एलईडी आणि राउटरचा जुना अडॅप्टर

गोदाकाठचा (धागाकर्ता)

टँकची ट्यूब बंद झाली की तळाच्या माशांची खरी वर्दळ सुरू होते. कुली लोच रेतीतून डोकं वर काढतात, ब्रिसलनोज लाकडावरून सरकत काचेवर येतो, कॉरी तळ घुसळायला लागतात. आपल्याला मात्र काही दिसत नाही. मग लोक दुकानातली निळी पट्टी आणून हूडमध्ये (टँकवरच्या टोपणात) डकवतात, आणि ती इतकी भगभगीत असते की बाहेर आलेली मंडळी पुन्हा बिळात. मागे एका धाग्यावर मी घरी केलेल्या मूनलाइटचा, म्हणजे टँकवरच्या मंद रात्रदिव्याचा, उल्लेख केला होता, तेव्हा दोघातिघांनी सविस्तर लिहा म्हणून सांगितलं होतं. लिहितो.

आधी उजेड किती हवा ते ठरवू. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर जेमतेम पाव लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत शे-दोनशे लक्स सहज असतो. म्हणजे पौर्णिमासुद्धा आपल्या खोलीच्या चारशे ते आठशे पट मंद. मीटरभर पट्टी का नको, ते यातच आलं.

माझा टँक ३ बाय १ बाय दीड फुटाचा. काठोकाठ १२७ लिटर होतात. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तर शंभरच्या आसपास पाणी. वर काचेचं झाकण, त्यावर लाकडी हूड. सामान एम. जी. रोडवरून आणलं : ५ एमएमचे निळे एलईडी तीन, १ केचा (म्हणजे १००० ओहमचा) रेझिस्टर, १० केचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर), थोडी हीट श्रिंक नळी (तापवली की जोडावर घट्ट बसणारी) आणि वायर. अडॅप्टर घरात पडलेल्या राउटरचा, १२ व्होल्टवाला. शंभराच्या नोटेत भागतं, वर चहाचे पैसे उरतात.

निळ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन एकापुढे एक सिरीजमध्ये जोडले की ९. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरच्या गळ्यात. नेटवर बहुतेक ठिकाणी इथे १५० ओहम लावायला सांगतात, कारण ३ भागिले १५० म्हणजे २० मिलिअँपिअर, ५ एमएम एलईडीचा नेहमीचा करंट. आपल्याला एवढा करायचाय काय? मी १ के लावला (तपकिरी, काळा, लाल पट्टे). त्याने करंट ३ मिलिअँपिअरवर येतो. त्याच्यापुढे सिरीजमध्येच १० केचा पॉट. तो पूर्ण उलट फिरवला की करंट पाव मिलिअँपिअरच्या आसपास. एवढ्यातही एलईडी पेटलेला राहतो, आणि दिवाणखान्यातले दिवे घालवले की तेवढा पुरतो.

एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्हला. अडॅप्टरच्या पिनचं आतलं टोक बहुधा पॉझिटिव्ह असतं, पण मल्टिमीटर लावून बघा, 'बहुधा'वर जाऊ नका. उलटं जोडलंत तर दिवा लागत नाही, इतकंच.

आता माझ्या आवडीचा भाग. ट्यूबखाली तळावर लाटांच्या रेषा कधी दिसत नाहीत, कारण ट्यूब लांबलचक. प्रत्येक टोकाकडून येणारा उजेड दुसऱ्याच्या सावल्या पुसतो. एलईडी म्हणजे ठिपका. एअर स्टोनने (बुडबुडे सोडणाऱ्या दगडाने) पाणी हललं की रेतीवर चकाकत्या रेषांचं जाळं पळायला लागतं, आणि ते लाकडावरून चढून ब्रिसलनोजच्या पाठीवरूनही जातं. तीन एलईडी जवळजवळ लावले तर तीन जाळी एकमेकांत अडकून सगळं धूसर होतं. म्हणून मी ते एकमेकांपासून फूट-फूट लांब ठेवलेत, म्हणजे ज्याचा त्याचा तुकडा वेगळा राहतो. पारदर्शक टोकाच्या एलईडीचा झोत अरुंद असतो. तो आवडत नसेल तर टोकावर बारीक पॉलिशपेपर फिरवा, उजेड पसरतो. पण जाळं मग तितकं रेखीव राहत नाही. मी एक घासला आणि दोन तसेच ठेवले.

वेळ : ट्यूब नऊला बंद, चांदणं साडेअकरापर्यंत, पुढे मिट्ट काळोख. काळोखाचं कारण खाली कुणी ना कुणी विचारेलच. फोटो जोडतोय.

---

पापलेटप्रेमी

माशांना चांदण्यात बसवणारे तुम्ही पहिलेच. आमच्याकडे ते रव्यात घोळवून तव्यावर बसतात. हलकेच घ्या. धागा छान आहे हो.

---

सोल्डरराव_सातपूर

गोदाकाठकर, सर्किट बरोबर आहे. चार गोष्टींची भर.

तुम्ही पॉटच्या आधी १ के पक्का ठेवलात ते फार बरं केलंत, आणि वाचणाऱ्यांनी तो गाळू नये. बरेच जण म्हणतात, पॉट आहे ना, मग वेगळा रेझिस्टर कशाला. पॉट शून्याकडे नेला की सगळा करंट ट्रॅकच्या टोकाच्या चिमूटभर भागातून जातो. छोट्या कार्बन पॉटची ताकद पूर्ण ट्रॅक मिळून पाव वॉटच्या आतबाहेर. १० केला हिशोब केलात तर चार-पाच मिलिअँपिअरपर्यंतच सुरक्षित. १५० ओहमवाल्या सर्किटमध्ये हाच पॉट घालाल तर पूर्ण उजेडावर पॉट जळतो आणि लोक एलईडीला शिव्या घालतात.

दुसरं, अडॅप्टर. राउटरचे नवे अडॅप्टर हलके असतात, स्विचिंगवाले, ते १२ म्हणजे १२ देतात. जुने जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेले, लोड नसताना १६-१७ व्होल्टही दाखवतात. १ के असेल तर तरीही सात-आठ मिलिअँपिअरच होतील, एलईडीचं काही बिघडत नाही, पॉट मात्र वर सांगितलेल्या मर्यादेबाहेर जातो. १५० ओहम असता तर चाळीसच्या वर गेले असते.

तिसरं, एलईडी पॅरललमध्ये (एकापुढे एक नाही, शेजारी शेजारी) लावून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर द्यायचा नाही. दोन एलईडी कधी तंतोतंत सारखे नसतात, ज्याला कमी व्होल्ट लागतात तो जास्त करंट ओढतो. सिरीजमध्ये हा प्रश्नच नाही.

चौथं सर्वात महत्त्वाचं. उघडे जोड झाकायला बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. सुकताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं आणि तांब्याला हिरवं करतं. काचेचा टँक जोडायला अशा वासाचं, पण बुरशीनाशक नसलेलं टँकसाठीचं चालतं, सर्किटला मात्र न्यूट्रल क्युअर (आंबट वास न येणारं) मागा किंवा नुसती हीट श्रिंक चढवा.

---

मीनल_इंदिरानगर

फोटो दिसत नाहीयेत! बाकी अगदी वेळेवर धागा आला. आमच्याकडे दोन फुटी टँकमध्ये एंजल मासे आहेत. हूडसोबत निळी पट्टी आली होती, मुलगा ती रात्रभर चालू ठेवतो, त्याला झोपताना बघायला आवडतं. अलीकडे पुढच्या काचेवर हिरवी तुकतुकीत साय धरते, आठवड्याला घासावी लागते. एंजल पण रात्री एका कोपऱ्यात पानामागे उभे असतात. दुकानदार म्हणाला निळ्या उजेडाने शेवाळ येत नाही. खरं का?

---

शेवाळशत्रू

मीनलताई, दुकानदाराने उलटं सांगितलं. क्लोरोफिल सर्वात जास्त उजेड शोषतं तो निळ्या आणि लाल रंगात. एलईडीचा निळा ४६० ते ४७० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे शेवाळाला ताटात वाढून दिल्यासारखं. पाव लक्सने काही उगवत नाही, पण तुमची पट्टी पाव लक्स नक्कीच नाही. दिवसाचे आठ-दहा तास अधिक रात्रभर म्हणजे त्या टँकमध्ये दिवस मावळतच नाही. आधी रात्रीची पट्टी बंद करा, खत आणि खाणं तेवढंच ठेवा, काचेत फरक दिसेल.

आता धागाकर्त्यांना माझा आक्षेप. तुमचं सर्किट सुंदर आहे, पण 'मूनलाइटने माशांना नैसर्गिक वाटतं' असं सगळे म्हणतात ते मला पटत नाही. माशांना पापण्या नाहीत. डोळे मिटून घेता येत नाहीत. रात्री त्यांच्या शरीरात मेलाटोनिन (रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन) वाढतं, उजेड पडला की ते दबतं. झेब्रा दानिओवर, जो आपल्याकडच्याच ओढ्यांतला मासा आहे, झोपेवर पुष्कळ प्रयोग झालेत आणि उजेडात तो झोप टाळतो हे दिसलंय. निसर्गात चांदणं असतं हे खरं, पण अमावास्याही असते, ढग असतात, नदीकाठी झाडांची सावली असते, गढूळ पाणी असतं. रोज रात्री पौर्णिमा कुठेच नसते.

---

गोदाकाठचा

शत्रूसाहेब, शंभर टक्के मान्य, आणि 'नैसर्गिक वाटतं' असं मी लिहिलेलं नाही, वर जाऊन बघा. हा दिवा माझ्यासाठी आहे. माशांना अंधारच हवा. मला अडीच तास बघायला मिळावं आणि त्यांना त्याचा कमीत कमी त्रास व्हावा, एवढाच हिशोब. म्हणून पाव मिलिअँपिअर आणि म्हणून साडेअकराला बंद.

एक फायदा मात्र त्यांच्याही पदरात टाकतो. ट्यूब एकदम बंद केली की निऑन टेट्रा दचकून सैरावैरा पळतात, काचेवर आपटतात. चांदणं आधी चालू करून मग ट्यूब घालवली की तसं होत नाही.

मीनलताई, पट्टी फेकू नका. १२ व्होल्टच्या पट्टीवर दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण असते. त्या खुणेवर कापलं की तीन एलईडी आणि त्यांचा रेझिस्टर असा तयार तुकडा मिळतो, म्हणजे माझं वरचं सर्किटच. त्यापुढे १ के आणि १० केचा पॉट जोडा. सोल्डरिंग नको असेल तर सध्यापुरती काळी इन्सुलेशन टेप घेऊन एक एलईडी सोडून बाकी सगळे झाका. फक्त काचेच्या झाकणाच्या वरच ठेवा, पाण्याला टेकू देऊ नका. फोटो पुन्हा चढवतोय.

---

सोल्डरराव_सातपूर

टेपची आयडिया मस्त. आणि आता बोललोच आहे तर, मूनलाइटच्या १२ व्होल्टची भीती कुणी बाळगू नका. भीती बाळगायची ती हीटर आणि पंपाची. नाशिकच्या थंडीत पारा १० च्या खाली गेला की घरोघरी हीटर टाकले जातात आणि नेमकं तेव्हाच पाणी बदलताना प्लग काढायचा राहतो. वायर पाण्यातून वर येऊन सरळ सॉकेटला जाऊ देऊ नका, सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. आणि ज्या बोर्डावर टँक आहे त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. जुन्या सोसायट्यांमध्ये नसतो, इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या.

---

खारंपाणी

माझा टँक समुद्री आहे, म्हणून वेगळी बाजू. आमच्यात मूनलाइट हा नुसता शोभेचा प्रकार नाही. प्रवाळांचा चंद्राशी खरोखर संबंध असतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षातून एकदा, वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू सोडतात. शास्त्रज्ञांनी हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टिपलं. त्यामुळे प्रवाळांचं प्रजनन करू बघणारे तिथीनुसार वाढणारा-घटणारा दिवा लावतात. रोज एकसारखा निळा लावणं त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी, शत्रूसाहेबांनी पौर्णिमेबद्दल म्हटलंय तेच.

मिठाच्या पाण्यात आणखी एक डोकेदुखी : बुडबुडे फुटून उडणारे थेंब. झाकणावर, हूडवर, जोडांवर पांढरं मीठ चढत जातं. हीट श्रिंकच्या टोकातून आत शिरतं. गोड्या पाण्यात तुम्ही लकी आहात.

---

नॅनोबाबा

तिथीनुसार दिवा!! हे मी करणार. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) पडलाय, घड्याळासाठी डीएस३२३१ मॉड्यूल घेतो, त्यात बटण सेल असतो म्हणजे लाइट गेली तरी तारीख-वेळ चुकत नाही. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं, पीडब्ल्यूएम (दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं) ० ते २५५. पौर्णिमेला २५५, अष्टमीला अर्धं म्हणजे १२८, अमावास्येला ०. बरोबर ना? इंजिनिअरिंगच्या मिनी प्रोजेक्टलाही खपेल.

---

निवृत्त_मास्तर

नॅनोबाबा, उत्साह छान, पण अष्टमीला १२८ नको. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, पण उजेड अर्धा देत नाही, पौर्णिमेच्या सुमारे एक दशांशच देतो. पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतो, तिथल्या खड्ड्यांच्या आणि धुळीच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत. अष्टमीला ऊन तिरकं पडतं, सगळा पृष्ठभाग सावल्यांनी भरतो. तेव्हा २५५ ला पौर्णिमा धरलीत तर अष्टमीला २५ च्या आसपास ठेवा. आधीचे-नंतरचे चार-पाच दिवसच काय ते चांदणं, बाकी नावाला.

चंद्र कधी उगवतो हेही बघा. रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. शुद्ध पक्षात संध्याकाळी आकाशात असतो, शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. वद्य पक्षात आधी अंधार, मग चंद्र. तुमच्या घरातल्या कुणी संकष्टी धरत असेल तर विचारा, चंद्रोदयाची वेळ तोंडपाठ असते. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये छापलेलीही असते. प्रोग्रॅम बरोबर चाललाय का हे तपासायला संकष्टीसारखा दिवस नाही : कॅलेंडरात चंद्रोदय नऊ-साडेनऊचा आणि तुमचा दिवा सातलाच लागला, तर कोडमध्ये गडबड आहे.

आता निळ्या रंगाबद्दल. चांदणं निळं नसतं. ते चंद्रावरून परतलेलं ऊनच, उलट उन्हापेक्षा किंचित लालसर. निळं भासतं ते आपल्या डोळ्यांमुळे. अंधुक उजेडात डोळ्यातले वेगळे पेशीसमूह कामाला लागतात, त्यांना निळं-हिरवं जास्त उजळ दिसतं, लाल जवळजवळ दिसत नाही. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. तिन्हीसांजेला कुंडीतलं जास्वंद काळं पडतं आणि पानं मात्र दिसत राहतात, ते याचमुळे.

---

गोदाकाठचा

मास्तर, क्या बात है. यावरून एक टीप : निळ्या एलईडीखाली लाल मासे काळे दिसतात. लाल प्लॅटी, लाल स्वोर्डटेल, केशरी गोल्डफिश असतील तर निराशा होईल, कारण परत फिरवायला त्यांच्या अंगावर निळा रंगच नाही. निऑनची बाजूची रेघ मात्र पेटल्यासारखी दिसते, नुसती रेघ पाण्यात फिरत असते, मासा दिसतच नाही. ज्यांच्याकडे लाल-केशरी मासे आहेत त्यांनी पांढरा एलईडी घ्यावा, तोही ३ व्होल्टचाच, सर्किट बदलायला नको. आतमध्ये असतो तो निळाच एलईडी, वर पिवळट फॉस्फरचा लेप. ज्या तिघांनी निळा एलईडी नीट जमवला, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा, त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय. आपण तो दोन-तीन रुपयांना घेऊन टँकवर चिकटवतोय.

---

शेवाळशत्रू

हा मुद्दा आवडला. माझ्या पाणवनस्पती लावलेल्या टँकसाठी एक पांढरा, एकच, करून बघेन म्हणतो. बघणं झालं की बंद.

---

मीनल_इंदिरानगर

टेप लावली. एकच एलईडी उघडा ठेवला, तोसुद्धा मुलगा झोपला की बंद. पहिल्या दिवशी त्याने भोकाड पसरलं, 'चंद्र विझला' म्हणून. एंजल पहिल्यापेक्षा मोकळे फिरताहेत असं वाटतंय, पण माझ्या मनाचे खेळही असतील. काचेचं आत्ताच सांगता येणार नाही. रोज उठून बंद करणं जिवावर येतं, कुठला टायमर घेऊ? दातेवाला, फिरवायचा, तो स्वस्त दिसला.

---

सोल्डरराव_सातपूर

दातेवाला घेऊ नका, निदान आपल्याकडे नको. तो मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर, फिरतो. दुपारी दोन तास लाइट गेली की घड्याळ दोन तास मागे पडतं, पुन्हा गेली की आणखी मागे. महिन्याभरात तुमचा चंद्र पहाटे उगवेल. डिजिटल घ्या, आत बॅटरी असलेला. घेताना दुकानात सेट करून, सॉकेटमधून काढून, पुन्हा लावून बघा, वेळ टिकली तरच पैसे द्या.

---

पापलेटप्रेमी

मी सगळं वाचलं. भाच्याला वाढदिवसाला दीड फुटी टँक घेऊन देतोय, सिडकोत राहतो तो. फायटर मासा ठेवणार म्हणतो. त्याला किती एलईडी लावू? आणि मी तव्याबद्दल बोललो ते भाच्याला सांगू नका.

---

गोदाकाठचा

दीड फुटीला एक पुरे. मोबाइलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालतो : एक एलईडी ३ व्होल्ट खातो, २ उरतात, १ के लावलात की २ मिलिअँपिअर, पुढे तोच १० केचा पॉट. चार्जरची यूएसबी वायर कापलीत तर आत बहुतेक लाल आणि काळी या दोनच कामाच्या, बाकीच्या टेप करून ठेवा. फायटर वर येऊन हवा घेतो, त्यामुळे झाकणाखाली बोटभर मोकळी जागा हवी आणि एलईडी झाकणाच्या वर. लाल फायटर असेल तर पांढरा एलईडी, निळा असेल तर निळा. पॉट घेताना त्यावर 'बी१०के' लिहिलंय ना ते बघा. 'ए' असलेला आवाजाच्या बटणासाठीचा असतो, त्यात उजेड एका टोकाला एकदम उडी मारतो.